ती एक स्लाइड

चाकणच्या एका जपानी कंपनीत मी दुभाषी आहे. क्वालिटी विभागात नुकत्याच सुपरवायझर झालेल्या मुलींसाठी प्रशिक्षण होतं आणि मी जपानच्या सनदी अधिकारी अत्सुको मुराकी यांच्याविषयी बोलणार होते. आदल्या संध्याकाळी आमच्या जपानी साहेबांनी स्लाइड पाहिल्या. कोची विद्यापीठातून पदवी, १९७८ला कामगार मंत्रालयात नोकरी, २०१३ला आरोग्य, कामगार व कल्याण मंत्रालयाचं सर्वोच्च सनदी पद, निवृत्तीनंतर २०१६ला इतोचू या बड्या व्यापारी कंपनीच्या संचालक मंडळावर. हे सगळं त्यांना आवडलं. “अटकेची स्लाइड तेवढी काढा, मुलींना हुरूप यायला हवा,” म्हणाले.

साहेबांना मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. ती स्लाइड काढली तर मुराकी-सान उरतातच किती?

जून २००९. त्या मंत्रालयात महासंचालक होत्या. दिव्यांगांच्या संस्थांना टपालात मोठी सवलत मिळते. ती लाटायला निघालेल्या एका संस्थेला खोटं प्रमाणपत्र द्या, असं २००४मध्ये त्यांनी हाताखालच्या माणसाला सांगितलं, हा ओसाकाच्या सरकारी वकिलांचा आरोप. जपानमध्ये खटला उभा राहिला की नव्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होतेच. कबुली न देणाऱ्याची कोठडी लांबत जाते. त्यांनी कबुली दिली नाही. १६४ दिवस आत काढले.

आत बसून त्या पुराव्याचे कागद वाचत होत्या. तपास अहवालात त्यांना एक नोंद दिसली: प्रमाणपत्राची फाइल शेवटची बदलली १ जून २००४ला, रात्री १ वाजून २० मिनिटांनी. सरकारी वकील सांगत होते तो हुकूम त्यानंतरचा! १० सप्टेंबर २०१०ला त्या निर्दोष सुटल्या. अकराच दिवसांनी ‘असाही शिंबुन’ या दैनिकाने छापलं की मूळ फ्लॉपीवरची तारीख बदलून ८ जून केली होती, तीही खुद्द तपास करणाऱ्या सरकारी वकिलाने. पुढे तोच तुरुंगात गेला.

मी पुढच्या स्लाइडकडे वळले, तेवढ्यात मागून एक हात वर आला.

“मॅडम, ते परत दाखवा ना. फाइल आधी, हुकूम नंतर, असंच ना?”

“हो.”

तिने वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाली, “आमच्याकडे पण लॉट आधी जातो आणि तपासणीच्या रिपोर्टवर मागची तारीख टाकून सही मागतात.”

साहेब दाराशी उभे होते. ती काय म्हणाली, असं त्यांनी मला विचारलं. मी एकही शब्द न गाळता जपानीत सांगितलं.