तुम्ही विचारलंत म्हणून: आधी शंकू दाखवा

"पाइनच्या झाडाखाली ही अळंबी सापडली, नाव सांगाल का?" या प्रश्नासोबत बहुतेकदा एकच फोटो येतो, वरून काढलेला. नाण्याएवढी तपकिरी टोपी, भोवती वाळक्या सुया. मी विचारतो, शंकू कुठाय, पाइनचं ते खवल्याखवल्यांचं बोंड? "शंकू नव्हताच हो, मातीतूनच आली होती." होता. तुम्ही अळंबी उपटलीत आणि तो खालीच राहिला.

शंकूंवरच उगवणाऱ्या अळंब्यांची एक प्रजाती आहे, स्ट्रोबिल्युरस. तिचा देठ वरून जेमतेम बोटभर दिसतो, पण सुयांच्या थराखाली तो केसाळ मुळासारखा उतरत जाऊन पुरलेल्या शंकूत शिरतो. म्हणून ओढायचं नाही. सुरीच्या टोकाने कडेची माती मोकळी करत खाली जायचं. पहिल्यांदा तो काळा पडलेला, ओला शंकू देठासकट हातात आला तेव्हा अळंबीकडे बघायचंच राहून गेलं होतं.

शंकू ओळखला की निम्मं काम झालं. स्प्रूसचा (पाइनसारखंच सूचिपर्णी झाड) लांबट, पातळ खवल्यांचा शंकू आणि वसंत ऋतू असेल, तर बहुधा स्ट्रोबिल्युरस एस्क्युलेंटस. पाइनचा असेल तर टेनासेलस किंवा स्टेफॅनोसिस्टिस, आणि इथे नुसते डोळे पुरत नाहीत. पहिली कडवट, दुसरी सौम्य म्हणतात. पण चवीवर नाव ठरवणं मला पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पात्यांवरच्या (टोपीखालच्या पातळ पडद्यांवरच्या) मोठ्या पेशी पाहाव्या: टेनासेलसच्या टोकाला निमुळत्या, दुसरीच्या गोल डोक्याच्या. (याच टेनासेलसमधून १९७७ मध्ये स्ट्रोबिल्युरिन वेगळं काढलं गेलं. इतर बुरशींना रोखणारं ते रसायन. पिकांवर फवारायचं बुरशीनाशक अझॉक्सीस्ट्रोबिन त्याच्याच वळणावर बनवलेलं.)

शरदात तशाच शंकूंवर बिओस्पोरा मायोस्युरा ही दुसरीच अळंबी येते. मी तिला कितीतरी दिवस स्ट्रोबिल्युरसची चिठ्ठी लावून डबीत ठेवलं होतं. एकदा उलटी करून पाहिली असती तरी चूक कळली असती: पात्या इतक्या अरुंद आणि दाट, की मधे सुईचं टोकही जाऊ नये. पण नुसत्या ऋतूवरही विसंबू नका, डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या शंकूंवरची स्ट्रोबिल्युरस ट्रुलिसॅटस शरदातलीच.

एकीचं नाव मात्र मी कडेने काढलेल्या धूसर फोटोवरूनही सांगेन. देठ टोपीच्या मध्यावर नाही, एका कडेला. खाली पात्यांऐवजी बारीक काटे. ऑरिस्कॅल्पियम व्हल्गेअर. ऑरिस्कॅल्पियम म्हणजे लॅटिनमध्ये चक्क कानकोरणं!