झाकणाला भोकं

दुपारच्या पोह्यांसाठी गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, तोडायला गॅलरीत गेले, तर एका पानावर चिमणीची शिट. पान खुडून टाकणार, तेवढ्यात शिटेनं मान वर केली.

लिंबाचं फुलपाखरू असेल, नाहीतर मॉर्मन. इतक्या लहानपणी दोघांच्या अळ्या सारख्याच दिसतात, आणि पाखरांनी खाऊ नये म्हणून दोघीही पाखरांचीच घाण होऊन बसतात. मी डहाळीच तोडली. फ्रिजवर संत्रा बर्फीचा रिकामा प्लास्टिकचा डबा होताच. (ज्या घरात तो नाही ते घर नागपूरचं नाही.) पोहे बिनगोडलिंबाचे झाले. नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही.

डबा टेबलावर ठेवल्यापासून संध्याकाळपर्यंत शेजारचे काका, कामाच्या मावशी आणि वरच्या मजल्यावरचा पोट्टा, सगळ्यांनी एकच सल्ला दिला: झाकणाला भोकं पाडा, गुदमरेल.

हे मला खपत नाही. बोटाच्या पेराएवढ्या अळीला हवा लागते किती? लेंड्या झटकायला आणि पान बदलायला रोज झाकण उघडावंच लागतं, तेवढ्यात तिची सोय होते. भोकांमुळे पान मात्र वाळतं, आणि वाळलेल्या पानाला ती तोंड लावत नाही. त्यात वर पंखा पाचवर. पण जीव डब्यात गेला रे गेला की माणसं गॅसवर सुई तापवायला धावतात. कोंडायचं तर आहे, पण कोंडल्यासारखं वाटायला नको.

आमच्या काडीपेट्यांना कोणी भोकं पाडली नव्हती. आजोळ उमरेडजवळ. मृग लागायचा, पहिला पाऊस पडून उघडायचा, की धुऱ्यावर मखमली किडे निघायचे. लालभडक. ते मुळात किडेच नव्हेत, आठ पायांचे, कोळ्यांच्या गोतातले, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. तळहातावर घेतला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग. आजी ओसरीवरून ओरडायची, "दाबू नको वं, पावसाचा हाये तो!" मामाचा मुलगा काडीपेटीत त्याच्यासाठी हरळी ठेवायचा. वाळवी आणि दुसऱ्या किड्यांची अंडी खाणाऱ्या जीवाला तो उपासच.

पण खरी प्रतिष्ठा सोनकिड्याची. तो बाभळीवर सापडायचा, पाठ अशी झळझळीत हिरवी की उन्हात धरली तर डोळे बारीक करावे लागायचे. त्याला बाभळीचाच पाला लागे, आणि तो खुडताना बोटांना काटे. वर्गात दप्तरातून त्याची खरखर ऐकू यायची आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून विचारायचे, "कोणाजवळ हाये?" कुणाजवळच नसायचा. काडीपेटीत तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी दिसली की त्या सोनकिड्याचा भाव एकदम वाढायचा. व्यवहार कंच्यांत, म्हणजे गोट्यांत, व्हायचा. मामाचा मुलगा त्याला दोरा बांधून डोक्याभोवती फिरवायचा. आता तो बँकेत मॅनेजर आहे.

आजची मुलं याहून पुष्कळ पुढे गेली. माझ्या भाच्याकडे पुण्याच्या फ्लॅटवर काचेच्या पेटीत टॅरँटुला आहे. तो आठवड्यातून एकदा एखादा रातकिडा खातो आणि उरलेला वेळ काहीही करत नाही. भाचा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. ताई गेली होती तेव्हा तो पाय वर करून उताणा पडलेला. हिनं देवाचं नाव घेतलं आणि सुपली शोधायला लागली. भाचा ऑफिसातून फोनवर किंचाळला, "आई, हात लावू नको, कात टाकतोय!" टॅरँटुला उताणाच होऊन कात टाकतो. नर असेल तर थोडक्या वर्षांत आटोपतं, मादी मात्र वीस वर्षंसुद्धा जगते. आणि ही मादी आहे. ताईची काळजी वेगळीच: मुलीकडचे घर बघायला आले तर पेटी कुठं ठेवायची?

तसं पाहिलं तर यात जगावेगळं काही नाही. जपानमधली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत शिंगवाले भुंगे पाळतात. भुंग्यांना खायला जेलीच्या इवल्या वाट्या तिथल्या दुकानांत मिळतात. चीनमध्ये गाणारे रातकिडे भोपळ्यात ठेवायची जुनी रीत आहे, थंडीत तो भोपळा अंगरख्याच्या आत, छातीशी. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना लग्नं नसतात का जमवायची?"

शेजारच्या काकांकडे लॅब्राडॉर आहे. ते डब्यात बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "ओळखते का हो तुम्हाला?"

नाही. अजिबात नाही. पान बदलताना बोट लागलं तर डोक्यामागून लाल दुशिंगी काढून घाण वास सोडते. मी आणि एखादी गांधीलमाशी यांत तिला फरक नाही. काकांना वाईट वाटलं माझ्यासाठी. त्यांना कसं सांगायचं? या घरात चावी कुठे आहे, चहा कोण करणार, मोजे कुणी उचलले, या सगळ्या बाबतींत मला ओळखणारे पुष्कळ आहेत. ज्याला माझा पत्ताच नाही अशा एका जिवाला रोज कोवळं पान द्यायचं, यात मला फार आराम वाटतो.

पुढे ती हिरवी झाली, जाड झाली. मग एके दिवशी पातळ शी करून पोट रिकामं केलं आणि डब्यात गरगर चालायला लागली. ही कोश करायची लक्षणं. नेमकं त्याच दिवशी पुसायच्या गडबडीत झाकण कुणीतरी उघडं ठेवलं. दोन खोल्या शोधल्यावर सापडली, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, कमरेला रेशमाचा धागा आवळून पानाच्या कडेला चिकटलेली. पान उलटायची सोय राहिली नाही. त्यामुळे ऑक्टोबर लागला तरी आमच्याकडे सप्टेंबर चालू. दूधवाल्याचे खाडे भिंतीवर पेन्सिलीनं मांडले. एका सकाळी कोश फाटून रिकामा झालेला दिसला. फुलपाखरू कुणीच पाहिलं नाही. खिडकी उघडी होती.

दरम्यान काटोलहून दादा आला होता. त्याची संत्र्याची बाग. कॅलेंडरमागचा कोश बघून म्हणाला, "हे पाळून राहिली तू? याच्यासाठीच तर मी औषध घेऊन चाललो." नवतीचा पाला अळ्या फस्त करतात, आणि कलमं लहान असली तर उभी काडीच उरते. मी म्हटलं, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या निलवंताची अळीसुद्धा लिंबू-संत्र्याचाच पाला खाते, म्हणजे ही सरकारी पाहुण्यांची नातेवाईक. तो हसला नाही. मी आणखी सांगितलं की आरमोरीकडे ढिवर लोक जंगलात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या सोडतात आणि कोसा होईपर्यंत दिवसभर पाखरं हाकत राखण करतात. "त्याईचा कोसा विकते," दादा म्हणाला, "माह्या अळीचं कोण काय देते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लहान कलमांवरच्या अळ्या तो हातानं वेचतो. मोठ्या झाडांना पंप. दिवाळीला गेले तेव्हा फवारणीवाला बांधावर बसून भाकर खात होता, पंप शेजारीच. तोंडाला काही बांधत नाही का, विचारलं. "फडकं बांधतो न ताई. ते मास्क घालून गरम होते."

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, औषध सरळ तोंडावर यायचं. ती फवारणीही बरीचशी अळीसाठी होती, बोंडअळीसाठी. त्या वेळी आपण सगळ्यांनी पेपर वाचला, हळहळलो.

दादाला मास्क आणि हातमोजे आणायला सांगितले. आणले म्हणतो. बागेतल्या खोपडीत खुंटीला टांगलेत म्हणे. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फवारणीच्या वेळी मी स्वतः जाणार आहे, खुंटीवरून ते खाली उतरतात की नाही ते बघायला.