मुकादमाची चांगली माती

रस्त्यावरचं पाणी नालीत न ढकलता झाडांच्या खड्ड्यात मुरवायचं, हे आमचं काम. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. तेव्हापासून नागपुरात लोक आमचं ऐकून तरी घेतात. (असे खड्डे तसला पूर अडवत नाहीत, नेहमीचा पाऊस जिरवतात. हे सांगितलं की बैठकीतले चेहरे पडतात.)

एका कॉलनीत सिमेंट रोडच्या कडेला दोन खड्डे केले. नकाशा एकच, कर्दळ आणि वाळाही तोच. जूनच्या पहिल्या सरी दोघांनीही पिऊन टाकल्या, दुसऱ्याने तर जरा जास्तच झपाट्याने. जुलैत झड लागली आणि तोच तुंबला. पहिला दुपारपर्यंत मोकळा. याच्यात दुसऱ्या दिवशीही घोटाभर पाणी. समोरच्या काकांनी डेंग्यू जाहीर करून टाकला. अंड्यातून डास उडायला आठवडाभर लागतो, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. पाणी आठवडाभरात हलेल असं मलाच वाटत नव्हतं.

तळातला भोकांचा पाईप पाहिला, साफ. मग गिरमिट फिरवून हातभर खालची माती काढली आणि चिमटीत दाबत पुढे सरकवली. खड्ड्यात भरायच्या आमच्या मिश्रणात बहुतेक रेती, ते तिथंच भुगा व्हायला हवं. ही तुटेचना. बोटभर लांब, चकचकीत पट्टी निघाली आणि नखांत गच्च बसली. अस्सल कपाशीची काळी!

मुकादमाला विचारलं. "साहेब, रेतीत कुठं झाड जगते काय? गावाहून चांगली माती बोलावली मी. जास्तीचे पैसे पण नाही लावले."

याच्यावर चिडायचं तरी कसं? काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली गेला. भिजून फुगली, भेगा मिटल्या, वाट बंद. शेतात जन्म गेलेल्या माणसाला हे मी काय सांगणार? पण हा खड्डा झाडांसाठी नसून पाण्यासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. निविदेत नुसतं 'मिश्रण'. मजुराला कारण सांगायचं म्हणजे आमच्या साहेब लोकांना कमीपणा वाटतो.

गोची अशी की तुंबलेल्या खड्ड्यातली कर्दळ छातीला लागलीय, लालभडक फुललीय. रेतीतली जेमतेम गुडघ्याएवढी. माती उपसायची तर ती जाणार. काल एका काकूंनी मला थांबवून बजावलं, "त्या मरतुकड्या खड्ड्यात पण हीच माती टाका ना, भाऊ."

डेंग्यूवाले काका त्यांचेच यजमान.