शाळा बुडवून ब्लॅकबेरी

दंडाची नोटीस येऊन बरेच दिवस झाले, तरी माझा राग काही उतरत नाही. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी लेकीला घेऊन चिपळूणला गेलो. शाळा नुकतीच सुरू झाली होती, त्यात तिचा आठवडा बुडाला. ऑगस्ट २०२४ पासून अख्ख्या इंग्लंडला एकच नियम आहे. विनापरवानगी शाळेचे पाच दिवस बुडाले की दर मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, तेही तीन आठवड्यांच्या आत भरले तर, नाहीतर १६०. आईला वेगळा, बापाला वेगळा. आजोबांनी हजार चंद्र पाहिले हे 'अपवादात्मक कारण' होत नाही, असं आम्हाला अतिशय गोड भाषेत कळवण्यात आलं.

असं डोकं तापलेलं असतानाच गावच्या हॉलमध्ये स्थानिक इतिहासाचं प्रदर्शन लागलं. आमचं हेरिफर्डशर परगण्यातलं खेडं, त्यामुळे प्रदर्शन म्हणजे चार टेबलं आणि चहा. एका टेबलावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं शाळेचं लॉगबुक. हेडमास्तरांच्या तिरप्या अक्षरात सप्टेंबरची नोंद: हजेरी फार कमी, मुलं ब्लॅकबेरी तोडायला गेली आहेत. काही पानं उलटली की बटाटे काढायला गेली आहेत, मग डुकरांसाठी ओकची फळं वेचायला. म्हणजे रानमेव्यासाठी शाळा बुडवणाऱ्यांचे पणतू मला हजेरीचं महत्त्व शिकवतात!

मग काय, चहा तसाच राहिला आणि मी ते लॉगबुक चाळत बसले. १८६२ च्या नियमांनी हेडमास्तरांना हे रोजच्या नोंदींचं पुस्तक सक्तीचं केलं आणि सरकारी अनुदान हजेरीला नि परीक्षेला बांधलं. सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड). वाचन, लेखन, गणित या दर विषयात पास झालं तर २ शिलिंग ८ पेन्स. म्हणून त्या नोंदींत एवढी चिडचिड. पोरं झुडपांत आणि मास्तरांचं अनुदान पाण्यात. पालकांना दंड तेव्हाही होता, खर्चासकट फार तर ५ शिलिंग. पण तो करायचा कोणी? खेड्यातल्या शाळेच्या कारभारात शेतकरीच असायचे आणि हंगामात त्यांनाच पोरांचे हात हवे असत. १८८० साली सगळीकडे शाळा सक्तीची झाली, तरी सप्टेंबर आला की वर्ग ओसच.

पण ही पोरं मजा मारायला जात नव्हती. १८५०-५१ मध्ये शेतीवर लिहिणाऱ्या जेम्स केअर्ड यांनी देशभर हिंडून शेतमजुरांची मजुरी टिपली, ती दक्षिणेत सरासरी आठवड्याला ८ शिलिंग ५ पेन्स भरली. एवढ्यात घर चालवायचं म्हणजे बायकापोरांनी हंगामात जे मिळेल ते घरात आणायचं: कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, बिअरमध्ये घालायच्या हॉप्सची तोडणी आणि कुंपणातली ब्लॅकबेरी. टोपल्या भरून व्यापाऱ्याला द्यायच्या, त्यातून हिवाळ्याचे बूट. बूट नाहीत म्हणून मूल आलं नाही, ही नोंदही अशा लॉगबुकांत सापडते. म्हणजे शाळेत जाता यावं म्हणून शाळा बुडवायची.

आता कुंपणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला या देशातलं काही मनापासून आवडत असेल तर ही कुंपणं. खरं तर ती लोकांना बाहेर ठेवायलाच लावली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून सामायिक कुरणं खाजगी केली आणि त्यांच्या कडेने काटेरी झाडांची मैलोगणती कुंपणं उभी राहिली. गरिबांची गाय गेली, सरपण गेलं. पण त्याच कुंपणात ब्लॅकबेरी आपणहून घुसली आणि रस्त्याच्या बाजूने लोंबू लागली. लोक तिचा कणन् कण वापरत. घोसाच्या टोकाचं फळ आधी पिकतं, सगळ्यात गोड. ते तोडता तोडता तोंडात. त्यामागची फळं जॅमला. शेवटची बारीक, नुसत्या बियाच. १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठला आणि मजुरांच्या घरीही जॅम परवडू लागला. पावाला लोणी नसलं तरी जॅम. लांब फांद्यांचे काटे काढून, त्या उभ्या चिरून दोऱ्यासारख्या वापरत आणि पाळीव मधमाश्यांसाठी गवताची घरटी शिवत. डांग्या खोकला झालेल्या मुलाला, दोन्ही टोकांनी मुळं धरलेल्या फांदीच्या कमानीखालून सरकवत. शिवाय २९ सप्टेंबरनंतर फळ तोडायचं नाही, कारण स्वर्गातून हाकललेला सैतान याच झुडपात पडला आणि दर वर्षी त्या दिवशी फळांवर थुंकतो. काही जण जुन्या पंचांगाप्रमाणे १० ऑक्टोबर धरतात. आमच्या शेजारीणबाई आजही धरतात. आणि आपल्याला म्हणे अंधश्रद्धा!

राग आणखी एका गोष्टीचा येतो. याच काळात, १८७८ साली, याच राणीच्या सरकारने आपल्याकडे जंगल कायदा आणला. इथल्या मजुराला निदान कुंपणातली फळं तरी उरली. तिकडे उंबर-जांभळं खाऊन आणि पळस-मोहाची पानंफुलं विकून कसाबसा तगणारा शेतकरी आपल्याच डोंगरात परका झाला. हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय. घाटात करवंदांचे द्रोण विकणाऱ्या कातकरी बायका आठवल्या की ते लॉगबुक गोड वाटेनासं होतं. इथल्या दुकानांत मात्र व्हिक्टोरियन खेडं म्हणजे चौकटीच्या कापडाची टोपी घातलेली जॅमची बरणी.

आणि आजचा कायदा? १९६८ च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणे रानटी झाडाचं फळ घरी खायला तोडलं तर चोरी नाही. विकायच्या हेतूने तोडलं तर चोरी. म्हणजे बुटांसाठी टोपल्या भरणारी ती सगळी पोरं आज चोर ठरली असती. मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर माझ्या जॅमच्या बरण्या मांडायच्या का, असं परवा एका काकूंनी विचारलं. एवढा कायदा कुठे समजावत बसू. साखर कमी पडलीय, टिकायचा नाही, असं सांगून मोकळी झाले.