गाडी कोण चालवत होतं?

एक चार्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आम्ही अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे इनपेशंट (भरती झालेल्या पेशंटचे) चार्ट कोड करतो, म्हणजे पेशंट घरी गेला की त्याच्या सगळ्या नोट्स वाचून आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे आजार-जखमांच्या अमेरिकन यादीतले, कोड लावायचे. लोकांना वाटतं आजाराचं नाव टाकलं की कोड मिळतो. तसं नाही. डॉक्टरने लिहिलंय तेवढंच कोड करायचं, आपल्याला समोर कितीही स्वच्छ दिसत असलं तरी. आणि हा नियम मला पटतो, कारण पेशंटला आम्ही तपासलेलं नसतं.

केस मोटरसायकल अपघाताची. रात्री वळणावर गाडी गार्डरेलला धडकलेली, उजव्या पायाची टिबिया-फिब्युला (गुडघ्याखालची दोन हाडं) दोन्ही मोडलेली, माणूस शुद्धीवर नाही, अँब्युलन्सवाल्यांनी जागेवरच घशात नळी टाकलेली.

आधी अडलं ते पायापाशी. ईआरच्या (इमर्जन्सीच्या) डॉक्टरने लिहिलं उजवं टिब-फिब फ्रॅक्चर आणि नडगीवर लॅसरेशन, म्हणजे फाटलेली जखम. ट्रायाज (पेशंट आल्या आल्या बघणाऱ्या) नर्सने लिहिलं जखमेतून हाड दिसतंय. ऑर्थोच्या ऑप नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) जखम वाढवली, हाडाची टोकं साफ केली, ९ लिटर सलाईनने धुतलं आणि मग रॉड घातला, हे सगळं व्यवस्थित आहे, पण 'ओपन' (जखमेतून हाड उघडं पडलेलं) हा एक शब्द अख्ख्या चार्टमध्ये कुठेच नाही. आणि नियम असा की ओपन की क्लोज्ड लिहिलं नसेल तर क्लोज्ड धरायचं. म्हणजे एस८२ च्या (गुडघ्याखालच्या पायाच्या फ्रॅक्चरच्या) कोडला सातवं अक्षर ए. ओपन असेल तर बी, आणि गस्टिलो (ओपन फ्रॅक्चर किती गंभीर याची श्रेणी) टाइप ३ असेल तर सी. आता क्लोज्ड फ्रॅक्चर ९ लिटरने कोण धुतं? पण मी ते लिहू शकत नाही. ऑर्थोवाले या बाबतीत फार त्रास देतात, ऑपरेशनचा प्रत्येक स्क्रू मिलिमीटरमध्ये लिहितील आणि निदानाची ओळ अर्धी सोडतील.

मग क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न. क्वेरीत 'हे ओपन आहे ना?' असं विचारता येत नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. नर्सची ओळ, ऑप नोटची ओळ, तारीख-वेळेसकट जशीच्या तशी मांडायची, पर्याय द्यायचे, त्यात 'इतर' आणि 'सांगता येत नाही' पण ठेवायचे. मी ती क्वेरी मनापासून लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सर्जनचं अ‍ॅडेंडम आलं, म्हणजे पुरवणी नोट: ओपन, टाइप ३ए. सातवं अक्षर सी झालं. त्या पायाची जखम खरंच जेवढी होती तेवढी कागदावर आली याचं मला अजून समाधान आहे.

खरा गुंता पुढे. मोटरसायकलवाल्याचे एक्स्टर्नल कॉज कोड (इजा कशामुळे झाली ते सांगणारे) व्ही२० ते व्ही२९, स्थिर वस्तूला धडक म्हणजे व्ही२७. त्यात चौथं अक्षर सांगतं की माणूस कोण होता. सार्वजनिक रस्त्यावरचा चालक असेल तर ४, मागे बसलेला असेल तर ५, माहीत नसेल तर ९.

ईआर नोट म्हणते चालक, ताबा सुटला. हिस्टरी अँड फिजिकलमध्ये (भरती करतानाच्या तपासणीच्या नोटमध्ये) तेच वाक्य, ऑर्थो कन्सल्टमध्ये तेच, डिस्चार्ज समरीत तेच, अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट. अँब्युलन्सच्या शीटवर मात्र लिहिलंय मागे बसलेला, गाडीपासून लांब फेकला गेला. आणि नळी काढल्यानंतरची फिजिओथेरपिस्टची नोट आहे, त्यात पेशंट म्हणतो गाडी भाऊ चालवत होता, तो कसा आहे.

टीएलला (टीम लीडरला) दाखवलं तर ती म्हणाली, "अगं चार नोट्समध्ये ड्रायव्हर आहे, मेजॉरिटी बघ आणि सबमिट कर, होल्डवर किती चार्ट ठेवणार?" टार्गेटचं तिला वरून ऐकावं लागतं हे मला कळतं. पण ती मेजॉरिटी नाहीच ना! एकाने लिहिलं आणि तिघांनी कॉपी केलं, म्हणजे साक्षीदार एकच. आणि त्या एकाने लिहिलं तेव्हा पेशंटच्या घशात नळी होती, त्याने सांगितलेलं असणं शक्यच नाही, मग ही माहिती आली कुठून ते नोटमध्ये नाही.

नोट्स एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या, म्हणून अटेंडिंगला (पेशंटची मुख्य जबाबदारी असलेल्या डॉक्टरला) दुसरी क्वेरी. उत्तर आलं 'सांगता येत नाही', आणि खाली एक ओळ, उपचारावर याचा परिणाम नाही. उपचारावर नसेलही. बिलावरही फारसा पडत नाही, एक्स्टर्नल कॉज कोडची देशभर सक्तीही नाही, फक्त काही राज्यांची आणि काही पेयरची (बिल भरणाऱ्या विमा कंपन्यांची) आहे. पण हाच चार्ट उद्या विम्याच्या किंवा वकिलाच्या हातात जातो, आणि तिथे गाडी कोण चालवत होतं यावरच सगळं ठरतं. चार ठिकाणी छापलेलं 'ताबा सुटला' हे वाक्य त्या माणसाच्या नावावर राहणार, समरी कोणी बदललेली नाही.

मी ९ लावला. मागच्या आठवड्यात क्यूएने (आमचं कोडिंग तपासणाऱ्या टीमने) त्याला एरर दिली, म्हणे अटेंडिंगच्या स्वतःच्या समरीत ड्रायव्हर आहे, क्वेरीची गरजच नव्हती. मी रिबटल (लेखी हरकत) टाकलंय, त्यात अँब्युलन्सची शीट, ईआर नोटची वेळ, नळी टाकल्याची वेळ आणि अटेंडिंगचं उत्तर, सगळं एकाखाली एक लावून दिलंय. निकाल अजून आलेला नाही. तुमच्याकडे चालक-पॅसेंजरचा असा वाद क्यूएमध्ये गेला असेल तर काय धरलं होतं ते मला जाणून घ्यायचंय.