डबल बासचा सूर न् सूर सुटा झाला

या खेपेला नवीन यंत्र काहीच नाही. ॲम्प्लिफायर तोच, टू-वे स्पीकर तेच, टर्नटेबलही तेच. बदलली ती फक्त गाणं ऐकायच्या खोलीतली स्पीकर आणि खुर्चीची भिंतींपासूनची अंतरं, आणि फरक एवढा पडलाय की जॅझ आणि पाश्चात्त्य क्लासिकलचा आख्खा कप्पा पुन्हा पहिल्यापासून ऐकायला काढलाय.

दुखणं जुनंच होतं: वॉकिंग बास, म्हणजे डबल बास या उंच, खर्जाच्या तंतुवाद्यावर ठोक्याठोक्याला एकेक सूर टाकत चालणारी जॅझमधली साथ. माइल्स डेव्हिसचा बासवादक पॉल चेंबर्स एका लयीत सूर टाकत पुढे जातो, त्यातला एखादा सूर खोलीभर घुमायचा आणि पुढचा नीट ऐकूही यायचा नाही. असा वादक असं वाजवणार नाही, म्हणजे घोळ खोलीचाच. टेप लावून मोजलं. लांबी ४.२ मीटर, रुंदी ३.१. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की खोलीतली पहिली स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) मिळते, ती आली ४१ हर्ट्झ. रुंदीची आली ५५. आता डबल बासच्या मोकळ्या तारा बघा: ई ४१, ए ५५, डी ७३, जी ९८. खालच्या दोन्ही तारांच्या सुरात खोलीच लागलेली!

खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीपाशी या लहरींचा दाब सगळ्यात जास्त असतो. शिवाय सगळी मांडणी दारामुळे एका बाजूला सरकलेली. आधी स्पीकर आणि खुर्ची रुंदीच्या बरोब्बर मध्यरेषेवर आणली. दोन्ही स्पीकर मध्यापासून सारख्या अंतरावर असले की रुंदीची पहिली लहर जवळपास उठतच नाही, आणि मध्यावर तिचा दाबही शून्याच्या आसपास असतो. ५५ चा प्रश्न तिथेच मिटला. लांबीचा प्रश्न चिवट निघाला. खुर्ची खोलीच्या मध्यापर्यंत ओढली तर ४१ चा घुमारा जातो, पण त्याबरोबर बासचा पायाच निघून जातो. थोडं मागे-पुढे करत खुर्ची मागच्या भिंतीपासून १.६ मीटरवर स्थिरावली.

स्पीकरची गंमत वेगळीच. स्पीकरमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ज्या सुराला उलट्या कलेत (एकाच्या चढावर दुसऱ्याचा उतार) येऊन मिळतो, तो सूर खचतो. स्पीकरची दर्शनी बाजू भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर होती तेव्हा हा खड्डा २१४ हर्ट्झला पडत होता, म्हणजे चेलोच्या मोकळ्या ए तारेच्या अगदी शेजारी. ९० वर नेले तर तो ९५ ला जातो, डबल बासच्या मोकळ्या जी तारेपाशी. ७५ वर ठेवल्यावर खड्डा ११४ ला राहतो आणि कानाला सगळ्यात कमी सलतो. कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) जाड पॅनलही उभे केलेत. ४१ हर्ट्झला त्यांचा काही उपयोग नाही (लहरीची लांबीच आठ मीटरच्या वर!), पण त्याच्या वरचा सगळा पट्टा आवरला गेलाय.

मग ऐकणं. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी अर्थातच पहिली. सॅक्सोफोनवाले दोघे, कोल्ट्रेन डावीकडे आणि कॅननबॉल ॲडर्ली उजवीकडे, माइल्स मध्ये, ही बैठक पाठच आहे. पण आता चेंबर्सच्या बोटाने तार सोडल्याचा तो छोटासा ठोका आधी येतो, मग लाकडाचा आवाज फुलतो आणि पुढच्या सुराआधी विरतो. १९५९ ची ही ध्वनिमुद्रणं न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओतली, म्हणजे एका जुन्या चर्चमधली, आणि तिथली उंची ट्रंपेटच्या मागे ऐकू येते. तुलना करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मूळ आवृत्तीची पहिली बाजू टेपयंत्राच्या वेगातल्या फरकामुळे किंचित चढ्या पट्टीत वाजते. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

त्याच स्टुडिओत पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ आणि १९८१ अशी दोनदा वाजवली. पहिली मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज), अडतीसेक मिनिटांत संपणारी. दुसरी स्टिरिओ, एक्कावन्नच्या आसपास. दोन्ही लागोपाठ ऐकण्यासारखं सुख नाही. मोनो ऐकून मांडणी तपासताही येते: पियानो दोन स्पीकरच्या नेमका मध्ये, मुठीएवढा घट्ट दिसायला हवा. डावीकडे झुकला तर अंतर पुन्हा मोजा. वाजवताना गूल्ड गुणगुणतो, ते गुणगुणणं आता पियानोच्या आवाजात मिसळत नाही, त्याच्या थोडं वर, वेगळं ऐकू येतं. काहींना ते खटकतं. मला ते हवंच असतं.

पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचं २५ जून १९६१ चं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं मुद्रण मी मुद्दाम रात्रीसाठी राखलं. स्कॉट लाफारो बासवर बराच वेळ वरच्या पट्टीत असतो, तेव्हा खर्ज सुधारून त्याला काय मिळणार असं वाटलं होतं. उलट सगळ्यात जास्त फायदा इथेच झाला! खालची धूसर चादर निघाल्यावर मधले सूर मोकळे झाले, आणि ग्लासांची किणकिण टेबलाटेबलांवरून यायला लागली. या मुद्रणानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. ते माहीत असताना हे वादन हलकं ऐकता येत नाही.

ऑर्केस्ट्रासाठी लंडनच्या किंग्जवे हॉलमधली जुनी मुद्रणं काढली. हॉलखालून भुयारी रेल्वे जायची, आणि काही मुद्रणांत तिची घरघर उतरली आहे. पूर्वी ती चेलो-बासच्या गुंत्यात हरवायची, आता वेगळी ओळखू येते.

रावेलच्या ‘बोलेरो’ची तबकडी मात्र अजून पूर्ण समाधान देत नाही, आणि तिथे दोष खोलीचा नाही. रचना हळूहळू चढत अगदी शेवटी सगळ्यात मोठी होते. तबकडीवर मात्र शेवट म्हणजे आतल्या खाचा. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आत जेमतेम २१. जिथे सगळ्यात जास्त जागा हवी, तिथेच सगळ्यात कमी. त्यामुळे पितळी वाद्यं शेवटी करकरतात. ही एक रचना मी बिनदिक्कत सीडीवर ऐकतो. आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवताना सुरुवातीच्या हलक्या स्नेअर ड्रमवर (छोट्या ढोलावर) जाऊ नका. शेवटची दोन मिनिटं आधी लावून पाहा.

आता बाजूच्या भिंतींवरून येणारं पहिलं परावर्तन हाताळायचंय. आरसा भिंतीवर सरकवत खुर्चीतून जिथे त्यात स्पीकर दिसतो त्या जागा खुणा करून ठेवल्यात. डावीकडे पॅनल बसेल, उजवीकडे दार आहे, तिथे जाड पडदा लावून बघणार.