मैदा लाल होऊ द्यायचा नाही

फ्रीजमध्ये अर्धा फ्लॉवर पडून होता, भाजी नको असं घरात आधीच जाहीर झालेलं, मग दुपारी व्हाइट सॉस करायला घेतला. फ्रेंच लोकांचं बेशामेल. चौदाव्या लुईच्या पदरी लुई द बेशामेल नावाचा एक बडा अधिकारी होता, त्याचं नाव याला चिकटलंय, आता त्या गृहस्थाने स्वतः कधी हातात डाव धरला असेल असं मला तरी वाटत नाही.

अर्धा लिटर दुधाला 40 ग्रॅम बटर आणि तेवढाच मैदा. इथेच आपला हात आडवा येतो, कारण पीठ दिसलं की खमंग भाजायचं हे आपल्या अंगातच आहे, आणि हा मैदा फक्त कच्चेपणा जाईल इतकाच परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही. ऐंशीच्या दशकात आई कुठल्याशा कुकरी क्लासमधून बेक्ड व्हेजिटेबल शिकून आली होती. पाहुणे यायचे म्हणून ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन माळ्यावरून खाली काढलेला, आणि आजी शेजारी उभी, "अगं अजून भाज, कच्चं लागेल." आई म्हणायची, "आई, पांढराच ठेवायचा असतो तो." आजीला ते पटलं नाही ते नाहीच, पण दोनदा वाढून घ्यायची, वर लिंबाचं लोणचं!

बटरमध्ये मैद्याचा कण न् कण माखला की दूध ओतल्यावर गुठळ्या होत नाहीत, बाकी ढवळत राहायचं, मंद आचेवर, कंटाळा येईपर्यंत. यातच ग्रुयेर नावाचं स्विस चीज घातलं की मॉर्ने सॉस, कांदा शिजवून घोटला की सुबीझ सॉस. इटलीवाले लझान्यात, म्हणजे पास्त्याच्या थरांत घालतात, ग्रीक लोक मुसाकावर, म्हणजे त्यांच्या वांग्या-खिम्याच्या थरांवर थापतात.

पौष्टिक म्हणाल तर अर्ध्या लिटर दुधाचं 600 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे खरं, पण अख्ख्या पातेल्यात 750-800 कॅलरीही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा बटरच्या, तेव्हा पौष्टिक वगैरे पाहुण्यांना सांगायला ठीक आहे.

शेवटी जायफळ, किसून, चिमूटभर. कॉफीत मी ते घालत नाही, झोप येते, पण यात पाहिजेच. कॅफेतल्या व्हाइट सॉस पास्त्यात ते कधी सापडत नाही, ऑरिगॅनो मात्र मूठभर. मुलाला तोच आवडतो. खा बाबा.